पिंपातले पंचांग

आपल्याकडच्या प्रत्येक घरात दोन पंचांगे असतात. एक भिंतीवर टांगलेले असते. एकादशी कधी, संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता, हे ते सांगते. दुसरे कोठेच टांगलेले नसते. ते घरातल्या बाईच्या हातात असते. चैत्र-वैशाखाचे ऊन तापले की कुरडयांसाठी गहू भिजत पडतात, गच्चीवर पापड-सांडगे वाळू लागतात. कैऱ्या भरल्या की लोणच्याच्या बरण्या धुऊन-पुसून उन्हात बसतात. आणि दिवाळीच्या आधी आठ दिवस भाजणीचा खमंग वास जिना उतरून खाली येतो. हे दुसरे पंचांग कोणी छापत नाही, पण ते चुकले तर वर्षभर जाणवते.

युरोपातल्या घरांनाही असेच एक दुसरे पंचांग होते. फरक एवढाच की ते बरणीत नव्हते, पिंपात होते. मार्च महिन्यात कोणती बिअर घालायची, कापणीच्या मजुरांसाठी कोणती, नाताळसाठी कोणती आणि पुढच्या पिढीसाठी कोणती, हे त्या घरांना पाठ असे. त्या पंचांगाची हकिकत आज सांगायची आहे.

बिअरचे नाव काढताच काही वाचक दचकतील आणि हा अंक मुलांच्या हातून काढून घेतील. त्यांनी निर्धास्त असावे. हा लेख प्यायला शिकवणारा नाही आणि करायला शिकवणाराही नाही. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी मद्य बनवणे हा गुन्हा आहे, आणि प्रस्तुत लेखकाला उरलेली नोकरी सुखाने करायची आहे. चहाखेरीज कोणत्याही पेयाशी त्याचा निकटचा परिचय नाही. कुतूहल आहे ते निराळ्याच गोष्टीचे. ऋतूची सक्ती संपल्यावरही माणसे ऋतू का पाळतात? आणि पाळल्याने काय वाचते?

आंबणे, मुरणे, नासणे

मराठीजवळ तीन फार चांगली क्रियापदे आहेत. पीठ आंबते, लोणचे मुरते आणि दूध नासते. तिन्ही ठिकाणी काळ आपले काम करीत असतो, पण एकाला आपण शाबासकी देतो, दुसऱ्याची वाट पाहतो आणि तिसरे मोरीत ओततो. बिअरची सारी विद्या या तीन क्रियापदांत मावते. आंबवायचे, मुरवायचे आणि नासू द्यायचे नाही.

कृती ऐकायला सोपी आहे. बार्ली, म्हणजे आपले जव किंवा सातू, भिजवून तिला मटकीसारखे मोड आणतात आणि मोड फुटताच भट्टीत सुकवतात. याला मॉल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यातल्या पिठूळ सत्त्वाची साखर करू शकणारी द्रव्ये दाण्यातच तयार होतात. भरडलेले मॉल्ट ६५ ते ६८ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवले की ती द्रव्ये कामाला लागतात आणि गोड काढा उतरतो. तो गाळून, त्यात हॉप नावाच्या वेलीची फुले घालून तासभर उकळतात. हॉपमुळे कडवटपणा येतो आणि टिकाऊपणाही. मग काढा निववून त्यात यीस्ट सोडायचे. यीस्ट साखर खाते आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड वायू करते. आठ-पंधरा दिवसांनी फसफस थांबली की बाटल्या भरायच्या. भरताना प्रत्येकीत किंचित साखर घालायची, म्हणजे बंद बाटलीत उरलेले यीस्ट ती खाऊन फेस तयार करते.

अर्धवट आंबलेली बिअर घाईने बाटलीत भरली तर मात्र रात्री-अपरात्री कपाटात बाटल्या फुटू लागतात. म्हणून साखर किती उरली हे हायड्रोमीटर नावाच्या तरंगणाऱ्या काचेच्या नळीने आधी पाहतात. गवळ्याने दुधात पाणी किती घातले हे सांगणाऱ्या लॅक्टोमीटरची ती सख्खी बहीण. आणि स्वच्छतेचे तर विचारूच नका. काढा निवल्यानंतर त्याला लागणारे प्रत्येक भांडे, नळी आणि चमचा जंतुनाशकातून काढलेला हवा. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालणाऱ्या नातवाला आजी ज्या आवाजात थांबवते, तो आवाज या मंडळींना बरोबर कळेल. घरी बिअर करणाऱ्याचा निम्मा वेळ सोवळे सांभाळण्यातच जातो.

आता यात ऋतू कोठे आला? तो यीस्टमधून आला. यीस्ट हा जीव आहे, आणि जीव म्हटला की त्याला हवामान मानवते किंवा मानवत नाही. डिसेंबरात इडलीचे पीठ रात्रभर ठेवूनही फुगत नाही आणि मे महिन्यात तेच पातेल्याबाहेर येते, हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. बिअरच्या यीस्टची मुख्य घराणी दोन. एल घराण्याला साधारण १५ ते २४ अंशांची हवा मानवते. लागर घराणे थंड प्रकृतीचे. त्याला ७ ते १३ अंश पुरतात, आणि त्यानंतर गोठणबिंदूच्या जवळपास कित्येक आठवडे मुरत पडायला आवडते. लागर या जर्मन शब्दाचा अर्थच मुळी कोठार असा आहे.

मार्चची बिअर आणि चेस्टनटची सावली

बव्हेरियाच्या ड्यूकांनी १५१६ साली एक फर्मान काढले, ते आजही प्रसिद्ध आहे. बिअरमध्ये बार्ली, हॉप आणि पाणी यांखेरीज काही असू नये, असे त्यात म्हटले होते. यीस्टचे नाव त्यात नाही. पिंपाच्या तळाशी बसणारा गाळ पुढच्या घाण्याला उपयोगी पडतो हे करणाऱ्यांना माहीत होते. तो गाळ सजीव आहे हे कळायला आणखी तीन शतके जायची होती.

१५५३ साली दुसरा हुकूम निघाला. २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर घालायचीच नाही. उन्हाळ्यात घातलेली बिअर आंबट होई, लोकांच्या तक्रारी येत, आणि भट्ट्यांनी आगी लागण्याचीही भीती होती. म्हणजे पाच महिन्यांची बेगमी आधीच करणे आले. मग मार्चमध्ये शेवटचे घाणे जास्त मॉल्ट आणि जास्त हॉप घालून जोरकस करीत, आणि पिंपे खोल तळघरात ठेवीत. हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून आणून त्या तळघरांत रचलेला असे. तळघरावरची जमीन तापू नये म्हणून वर चेस्टनटची झाडे लावली. त्यांची पाने रुंद आणि मुळे उथळ, त्यामुळे सावली मिळे आणि खालच्या कमानीला धक्का लागत नसे.

त्या सावलीत लोक आपोआप येऊन बसू लागले. खानावळवाल्यांनी ओरड केली, की आमचे गिऱ्हाईक पळवले. तेव्हा राजा मॅक्सिमिलियन जोसेफ याने १८१२ साली तोड काढली: तळघरवाल्यांनी झाडांखाली बिअर विकावी, पण पावाखेरीज खाद्यपदार्थ विकू नयेत. लोकांनी घरून डबे आणायला सुरुवात केली. बव्हेरियातल्या जुन्या वळणाच्या बिअरबागांत आजही घरचा डबा घेऊन बसता येते.

मार्चची ही बिअर तिकडे मेर्त्सेन, म्हणजे ‘मार्चची’, याच नावाने ओळखली जाते. सप्टेंबरअखेर नवा मोसम सुरू होण्यापूर्वी उरलेली पिंपे रिकामी करणे भागच असे. १२ ऑक्टोबर १८१० रोजी युवराज लुडविग आणि राजकन्या टेरेझे यांचे लग्न झाले, त्यानिमित्त म्युनिकबाहेरच्या माळावर घोड्यांच्या शर्यती झाल्या आणि त्यातून पुढे ऑक्टोबरफेस्ट नावाची जत्रा उभी राहिली. त्या जत्रेशी मेर्त्सेनचे नाव जडले ते कायमचे.

ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपासाचीही एक बिअर होती. म्युनिकचे पाउलानर पंथाचे साधू त्या काळात अन्न वर्ज्य करीत, पण पेय वर्ज्य नव्हते. म्हणून ते अशी दाट, पौष्टिक बिअर करीत की तिला ‘पिण्याची भाकरी’ म्हणावे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपण उगाच एकट्याची समजतो.

हे सारे पंचांग यंत्राने पुसले. कार्ल फॉन लिंडे याने १८७० नंतरच्या दशकात म्युनिकच्या बिअर कारखान्यांसाठी शीतयंत्र तयार केले. लुई पाश्चर याचा बिअरवरचा ग्रंथ १८७६ साली निघाला; ती का नासते हे त्याने दाखवले. एमिल ख्रिश्चन हान्सेन याने कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत १८८३ साली एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले. या तिघांनी मिळून नासणे जवळजवळ हद्दपार केले. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण त्याबरोबर मार्च आणि ऑक्टोबर यांतला फरकही संपला. बारा महिने एकच बिअर, एकाच चवीची, मिळू लागली.

घरातून बाहेर, आणि पुन्हा घरात

मध्ययुगीन इंग्लंडात बिअर करणे हे पोळ्या करण्याइतकेच घरचे काम होते आणि ते बायकांचे होते. इंग्रजीत बिअर करणाऱ्या स्त्रीला ‘ब्रूस्टर’ असा स्वतंत्र शब्द होता. आज तो केवळ आडनावात उरला आहे. त्या काळची बिअर हॉपशिवाय केलेली, चार-आठ दिवसांत आंबणारी. घरापुरती करायची, उरली तर दारावर खूण लावून शेजाऱ्यापाजाऱ्यांना विकायची. पंधराव्या शतकात समुद्रापलीकडून हॉप आले, बिअर टिकू लागली. टिकू लागली म्हणून लांब नेता येऊ लागली. लांब नेता येऊ लागली म्हणून मोठी पिंपे, मोठे भांडवल आणि परवाने आले. अशा रीतीने टिकाऊपणा आला आणि धंदा बाईच्या हातून गेला. पदार्थ चांगला झाला आणि करणारी घरी बसली, अशी उदाहरणे शोधायला इंग्लंडपर्यंत जाण्याची गरज नाही.

घरी करणे तरीही चालू होते. १८८० साली ग्लॅडस्टनने मॉल्टवरचा कर काढला, पण घरी बिअर करणाऱ्याला परवाना घ्यायला लावला. तो परवाना १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग याच्या अंदाजपत्रकाने रद्द झाला, आणि इंग्लंडातल्या स्वयंपाकघरांत पुन्हा पिंपे दिसू लागली. अमेरिकेत तर १९२० ते १९३३ संपूर्ण दारूबंदीच होती. ती उठली तेव्हा घरी वाइन करण्याची मुभा मिळाली, पण बिअर त्यातून सुटली. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी कायद्यावर सही केली तेव्हा कोठे एका प्रौढाच्या घराला वर्षाला १०० गॅलन आणि दोघांच्या घराला २०० गॅलन बिअर करण्याची मोकळीक मिळाली. अलाबामा आणि मिसिसिपी ही दोन राज्ये तरीही २०१३ पर्यंत अडून बसली होती. १९७८ च्या सुमारास साऱ्या अमेरिकेत शंभराहून कमी बिअर कारखाने होते. आज ते नऊ हजारांहून अधिक आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांचे मूळ पुरुष घरच्या चुलीवरच शिकले.

राज्यसत्ता आणि घरचे पिंप यांचे हे भांडण आपल्यालाही अपरिचित नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. मद्य कोठे करावे, कोठे विकावे, किती विकावे यांवर त्याचा कडक ताबा. पण त्याच प्रकरणात गृहस्थाला घरच्या कार्यप्रसंगी श्वेतसुरा किंवा औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा दिली आहे, आणि उत्सव-यात्रांसाठी चार दिवसांची सवलत ठेवली आहे. सुरेसाठी लागणारे किण्व वगैरे जिन्नस निवडण्याचे काम तेथे बायका-मुलांकडे आहे. किण्व म्हणजे यीस्टच. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला ‘किण्वन’ हा बोजड शब्द असा कधी काळी घरातल्या सुपात निवडला जात होता. कौटिल्यासारख्या कठोर माणसालाही एवढे कळत होते, की सणाचे पंचांग आणि खजिन्याचे पंचांग यांत थोडी तडजोड करावी लागते.

शेजारच्या आजोबांची वही

परवानगी मिळाली हे ठीक. पण दुकानात बारा महिने बिअर मिळत असताना, घरात फ्रिज असताना, माणसे घरी करताना पुन्हा ऋतूच का पाहू लागली?

माझा एक जुना विद्यार्थी यॉर्कशायरमध्ये नोकरीला आहे. मागे सुटीवर आला तेव्हा त्याने आपल्या शेजाऱ्याची हकिकत सांगितली. शेजारी म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक, वय ७४. गॅरेजमध्ये मोटार नाही. तेथे पिंपे, नळ्या, आणि भिंतीला दोरीने बांधलेली एक वही.

“सर, त्या वहीत त्यांनी महिन्यांचे रकाने पाडले आहेत. आमच्या आईच्या वहीत लोणच्याचे, मसाल्याचे प्रमाण असते ना, अगदी तसे.”

“दरवेळी किती करतात?” मी विचारले.

“तेवीस लिटर. त्यांच्या हिशेबाने चाळीस पाइंट. त्यातली निम्मी आळीत वाटतात.”

वहीतले पहिले पान मार्चचे. गॅरेजला ऊब नाही, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चात तेथे दहा अंशांच्या आसपास हवा असते; लागरच्या यीस्टला हवी तशी. तेव्हा मेर्त्सेन घालायची आणि सप्टेंबरअखेर उघडायची. जूनचे पान सेझों नावाच्या बिअरचे. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ ऋतू. बेल्जियमच्या दक्षिण भागातल्या शेतांवर हिवाळ्यात ती करून ठेवीत आणि उन्हाळ्यात कापणीच्या मजुरांना देत, असे सांगतात. तिचे यीस्ट बिअरच्या मानाने उष्णप्रिय. तीस अंशांच्या उकाड्यातही ते आनंदाने काम करते. म्हणून आजोबा उन्हाळ्यात ते पिंप तापलेल्या माळ्यावर चढवतात. वारा आडवा आला तर शिडाची दिशा बदलावी, तसे.

सप्टेंबरचे पान हिरव्या हॉपचे. हॉपची फुले तोडली की काही तासांत सुकवावी लागतात, नाही तर खराब होतात. पण ज्याच्या परसात वेल आहे, त्याला वर्षातून एकदा ती ताजीच वापरता येतात. सकाळी तोडायची, दुपारी काढ्यात घालायची. ताज्या फुलात पाचातले चार भाग पाणीच असते, म्हणून वजनाने ती सुक्याच्या पाच-सहापट लागतात. ही बिअर कोणत्याही यंत्राने फेब्रुवारीत करता येत नाही. पूर्वी हॉपच्या तोडणीला लंडनच्या गरीब वस्तीतली कुटुंबेच्या कुटुंबे आगगाडीने केंट परगण्यात जात. तीच त्यांची वर्षाची सहल. जॉर्ज ऑर्वेल १९३१ साली त्या मजुरांत राहून तोडणीला गेला होता आणि त्याने त्यावर लिहिलेही आहे.

ऑक्टोबरच्या पानाशी आपले नाते आहे. जुन्या इंग्लंडात ऑक्टोबर हा जोरदार बिअर घालण्याचा महिना. मॉल्ट नवे, हॉप नवे, हवा थंड. ही बिअर तळघरात वर्ष-दोन वर्षे मुरत ठेवीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातला हॉजसन नावाचा बिअरवाला असली पिंपे ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांना उधारीवर देई, आणि ते ती मुंबई-कलकत्त्याच्या साहेबलोकांना विकत. आफ्रिकेला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, कित्येक महिने हिंदकळत आलेली ती बिअर येथे उतरेपर्यंत मुरून तयार झालेली असे. त्या वंशातल्या बिअरला पुढे ‘इंडिया पेल एल’ हे नाव पडले. आज विलायतेत आणि अमेरिकेत घरी बिअर करणाऱ्यांचा हा अतिशय आवडता प्रकार. आणि त्याच्या नावात आपला देश आहे, हे येथे फारसे कोणाला ठाऊक नाही.

नोव्हेंबरचे पान नाताळचे. काळसर, दालचिनी-लवंग-जायफळ घातलेली, संत्र्याच्या सालीचा वास असलेली बिअर. आणि त्यापुढे वहीत एक निराळे पान आहे. जुन्या जमीनदार घराण्यांत वारस जन्मला की ऑक्टोबरच्या बिअरचे एक पिंप भरून ठेवीत आणि तो एकवीस वर्षांचा झाला की फोडीत. आजोबांच्या घरी वारस नाही, जमीन नाही. पण २०१५ साली मुलीला मुलगी झाली तेव्हा त्यांनी बार्ली वाइन घातली. नाव वाइनचे, जात बिअरचीच. अल्कोहोल शेकडा दहाच्या घरात, त्यामुळे वर्षानुवर्षे मुरणारी. बाटल्यांच्या तोंडाला मेण लावून खोके बंद केले आहे आणि वर उघडण्याचे साल लिहिले आहे: २०३६.

विद्यार्थ्याने मनातल्या मनात वयाचा हिशेब केला आणि तो गप्प बसला. आजोबाच म्हणाले, “चव कशी लागली ते ती मला सांगेल. मी नसलो तर वहीत लिहील. शेवटचे पान तिच्यासाठी कोरे ठेवले आहे.”

मला वाटते, ऋतू का पाळायचा याचे अर्धे उत्तर येथे मिळाले. वर्षभर सारखेच मिळणाऱ्या वस्तूची कोणी वाट पाहत नाही. ज्याची वाट पाहावी लागते त्याच्यात माणूस आपले दिवस साठवून ठेवतो.

क्वाइक म्हणजे जीव

उरलेले अर्धे उत्तर नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. तेथील गुलातिंग नावाच्या जुन्या कायद्यात शेतकऱ्याने नाताळासाठी बिअर केलीच पाहिजे असा नियम होता. ख्रिस्त आणि मेरी यांचे आभार मानून, चांगले पीक आणि शांतता लाभो म्हणून ती नाताळच्या रात्री पावन करायची. न केल्यास दंड. आणि ओळीने तीन वर्षे न केल्यास सारी मालमत्ता जप्त, निम्मी राजाला आणि निम्मी बिशपला. आपल्याकडे करू नये म्हणून कायदा, तिकडे करावी म्हणून. कायद्याचे दोन्ही हात असे निरनिराळ्या दिशांना चालतात.

तो कायदा केव्हाच गेला, पण नाताळाला आणि लग्नकार्याला बिअर घालण्याची चाल त्या डोंगर-खाडीच्या मुलखातल्या शेतघरांत राहिली. यीस्ट बाजारात मिळत नसे. ते घरचेच. एका घाण्यानंतर तळाचा गाळ काढायचा, छिद्रे पाडलेल्या लाकडी ओंडक्यावर किंवा कड्यांच्या साखळीवर तो लेपायचा, वाळवायचा आणि आढ्याला टांगून ठेवायचा. पुढच्या सणाला तोच काढ्यात सोडायचा. कधी घरचे बिघडले तर शेजारच्या शेतावरून आणायचे. यात शरम नव्हती आणि पैसाही नव्हता. वाटी घेऊन शेजारी विरजण मागायला गेलेल्या कोणालाही हा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही.

पुढे दुकानांत पावासाठी तयार यीस्ट मिळू लागले. ते सोयीचे होते. नॉर्वेच्या बहुतेक भागांत शेतघरांनी ते घेतले, आणि आढ्याला टांगलेली कडी एकेक करून खाली उतरली. पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले यीस्ट कोणी टाकून दिले असे झाले नाही. एक वर्ष ते वापरले नाही, मग दुसरे वर्ष वापरले नाही, एवढेच झाले. फक्त व्हॉस, होर्निनदाल यांसारख्या थोड्या भागांतली काही घरे सण आला की जुन्या रीतीनेच घालीत राहिली. शेजारी हसत असतील, तर हसोत.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत अभ्यासकांचे तिकडे लक्ष गेले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात असे दिसले, की हे यीस्ट बिअरच्या ज्ञात यीस्टांहून वेगळे, माणसाळवलेल्या यीस्टचे स्वतंत्र कूळ आहे. तीस ते चाळीस अंशांच्या उष्णतेत ते काम करते, दोन-तीन दिवसांत पुरे करते आणि तरी चव बिघडवत नाही. पुण्या-मुंबईचा मे महिना त्याला माहेरासारखा वाटावा! आज जगभरच्या प्रयोगशाळा ते वाढवून विकतात. ज्ञानाने भरलेल्या पुस्तकांत जे नव्हते, ते चार-दोन शेतकऱ्यांच्या आढ्याला लटकत होते.

तेथील बोलीत या यीस्टला क्वाइक म्हणतात. भाषेच्या मास्तराला या शब्दापुढे थांबावेच लागते. जुन्या नॉर्स भाषेत याच मुळापासून ‘जिवंत’ या अर्थाचा शब्द होता. इंग्रजीतला ‘क्विक’ त्याचाच भाऊ. त्याचाही जुना अर्थ चपळ असा नसून जिवंत असाच होता. लॅटिनमधला ‘विवुस’ त्याच कुळातला, आणि आपला ‘जीव’ही त्याच कुळातला. पाश्चरने सूक्ष्मदर्शकातून पाहण्याच्या कितीतरी आधी, त्या गाळात जीव आहे हे त्या शेतकऱ्यांच्या भाषेला ठाऊक होते.

आणि जीव असल्यामुळेच तो संग्रहालयातल्या कपाटात ठेवून भागत नव्हते. पोथी शंभर वर्षे बासनात राहिली तरी तिच्यातले अक्षर जात नाही. यीस्टचे तसे नाही. वाळवलेले यीस्ट काही काळ तग धरते, पण शेवटी त्याला पुन्हा काढ्यात सोडावे लागते, तेव्हाच त्याची नवी पिढी होते. म्हणजे दर वर्षी कोणीतरी चूल पेटवलीच पाहिजे. ती पेटवायची आठवण कोण देणार? नफा देणार नाही, गरज देणार नाही. ती सण देतो. नाताळ आला एवढ्याच कारणाने त्या घरांनी भांडी काढली, आणि एक आख्खे जीवकूळ त्यांच्या नकळत तगले. त्यांना वाटत होते आपण रीत पाळतो आहोत. ते खरोखर एक वंश पाळीत होते.

सारेच जुने जपा असे सांगण्याचा हा बहाणा नव्हे. शीतयंत्राला कोणी नावे ठेवू नयेत. आंबट झालेली बिअर आणि नासलेले दूध यांत रम्य असे काही नव्हते. कुरडया विकत आणणाऱ्या सुनेलाही कोणी बोल लावू नये. सकाळी आठ-बावीसची लोकल पकडणाऱ्या बाईने गव्हाचा चीक केव्हा काढावा? आणि तो काढणे हे तिचे एकटीचेच काम का असावे, हाही प्रश्न आहेच. यॉर्कशायरच्या त्या गॅरेजमध्ये सारे धुणे-पुसणे आजोबाच करतात, हे लक्षात असू द्यावे.

मात्र काही गोष्टी लिहून राहत नाहीत, त्या करूनच राहतात. आजीच्या लोणच्याचे प्रमाण वहीत उतरवता येते. मीठ लागले की बोटाला कसे कळते, ते उतरवता येत नाही. तेव्हा या दिवाळीत घरच्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारून पाहा, की आपल्या घरच्या दुसऱ्या पंचांगातली कोणती पाने अजून शाबूत आहेत. त्यांतले एखादे निवडा. विचारून थांबू नका. मुलाला आणि मुलीला दोघांनाही बरोबर घेऊन त्यांच्या शेजारी बसा आणि एकदा करून पाहा. साधले तर वाटीभर शेजारी नेऊन द्या. आपल्या घरी पुढेमागे खंड पडलाच, तर परत मागायला एक दार उघडे राहील.